टिटवी वर गेली ते साल

जमना, यवतमाळच्या दवाखान्यात तू मला शेवटचं काही विचारलंस ते एवढंच, "पाणी किती उतरलं?" मी सांगितलं, धरणात बुडालेल्या जुन्या विहिरीचं तोंड दिसायला लागलंय. तू मान हलवलीस आणि कूस बदललीस. त्यानंतर पाणी आणखी दोन हात उतरलं. विहीर आता निम्मी उघडी पडली आहे आणि तिच्या काठावर सकाळी पाणकावळे पंख पसरून बसतात. तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. पाच दिवसांपूर्वी तांड्यावर तुझी तेरवी झाली, मीही जेवून आले. भाजीत मीठ बरोबर होतं, पण तुला ती आवडली नसती, कारण तुला स्वतःशिवाय कुणाच्या हातचं काही आवडत नव्हतं.

हे मी रडायला म्हणून लिहीत नाही. रडणं घरी, भांडी घासताना झालं. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती तीन वर्षं राहिली आहे. ती तुझ्या भुईमुगाची आहे, टिटवीची आहे आणि माझी आहे. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे. "मास्तरीण, तुयी गाडी दिग्रसहून निंगते, आर्णीले चक्कर मारते अन् मंग धरणावर येते," असं तूच म्हणायचीस. आजही तसंच होईल. फक्त या वेळी शेवटपर्यंत पोहोचायचं असं ठरवून बसले आहे.

आपली ओळख झाली तेव्हा मी गुडघाभर गाळात रुतलेली होते. शाळेतून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. पुण्याच्या भाच्याने दुर्बीण आणून दिली होती. आयुष्यभर पोरांना चोचींच्या आकृत्या काढायला लावल्या, आता एकदा खरे पक्षी पाहावेत म्हणून मी स्कूटी घेऊन अरुणावतीच्या धरणावर आले होते. पाण्याच्या कडेला शेकाट्यांचा थवा होता. त्यांच्या लांबच लांब लाल पायांकडे बघत मी पुढे गेले आणि वरून कोरडी दिसणारी माती खालून दह्यासारखी निघाली. जितकी मी पाय उपसत होते तितकी खाली जात होते. तू तुझ्या डांगरवाडीतून ओरडलीस, "उभी नको राहू, आडवी हो." मला वाटलं ही बाई चेष्टा करते आहे. "आडवी हो, नाही तं बूट देऊन टाक धरणाले." मी नव्या कोऱ्या कपड्यांनिशी गाळात आडवी झाले, कोपरांवर सरपटत बाहेर आले, आणि बूट खरोखरच धरणाला देऊन आले. तू मला डांगर कापून दिलंस. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं तर त्याला वाटलं तू मला कच्चा भोपळा चारलास. डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज, हे त्याला समजावून सांगावं लागलं. कपडे धुवायला पाणी मागितलं तर म्हणालीस, "वाळू दे. वाळलं का झटकलं तरी पडते." ते खरं निघालं.

गाळपेर हा शब्द मी सरकारी कागदावर वाचला होता, पण तो मला कळला तुझ्याकडून. कालव्यांना पाणी सुटलं की धरण उतरत जातं, आणि जी गाळाची जमीन उघडी पडते तिच्यात खत न घालताही पीक येतं. पाणी मागे सरकेल तशी तू पुढे सरकायचीस. वरच्या पट्टीत हरभरा, त्याच्या खाली भुईमूग, अगदी पाण्याला लागून डांगरं आणि टरबुजं. पावसाळ्यात पाणी चढलं की सगळं पुन्हा त्याचं. तुमची शेती धरणात गेली तेव्हा तुझी पोरं लहान होती, आणि त्याच बुडालेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी तू दरवर्षी सरकारी चिठ्ठीत नाव निघायची वाट बघायचीस. एका वर्षी तुझ्या सासऱ्याचं वावर दुसऱ्याच्याच नावाने निघालं आणि तुला शेजारचं मिळालं. मला फार वाईट वाटलं. तू म्हणालीस, "बरं झालं. त्या वावरात उतार लय. पाणी थांबत नाही. मलेच मालूम हाय, त्याले नाही." आणि कामाला लागलीस. मी मात्र तो विषय घरी नेऊन दोन दिवस चघळला. तुझ्याबद्दल वाईट वाटून घेण्याची हौस मला तुझ्यापेक्षा जास्त होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तू मला बसायला शिकवलंस. मी यायची ती वही, पेन, पुस्तक आणि दुर्बीण असा संसार घेऊन, आणि एका जागी दहा मिनिटं टिकायची नाही. "काहून येवढी नाचून राह्यली? पाखरं तुह्याकडेच पाहून राह्यली, मंग तुले कशी दिसतीन?" असं म्हणून तू मला साड्यांच्या कुंपणाशी बसवलंस. रानडुकरांना अडवायला तू जुन्या साड्या बांधून जे कुंपण करायचीस ते वाऱ्याने हलत असायचं आणि त्याच्याआड माणूस बसला तर दिसायचा नाही. तिथून मी कवड्या खंड्या एका जागी हवेत थरथरत थांबतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो ते पाहिलं. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप पाणी प्यायला उतरतो तेव्हा मोठा नर आधी मागे बघतो, मग पुढे, ते पाहिलं. पुस्तकात हे होतं, पण पुस्तक मी पस्तीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे त्यातलं मला काही दिसतच नव्हतं.

तुला दुर्बीण दिली ती चक्रवाकाची जोडी दाखवायला. तू ती डोळ्याला लावलीस, फिरवून पैलतीरावर नेलीस आणि म्हणालीस, "त्या पारचा भोई माह्या डांगराकडे पाहून राह्यला." मग परत दिलीस. चक्रवाक तुला दुर्बिणीशिवायच दिसत होते.

रविवारी धरण गावाचं व्हायचं. भिंतीवर फोटो काढणारे, डबे घेऊन आलेली कुटुंबं. दिग्रसच्या नळाला हेच पाणी येतं हे ठाऊक असूनही त्यात पाकिटं आणि पत्रावळी टाकणारे शहाणे. पोट्टे उघड्या पडलेल्या गाळावर मोटरसायकली गोल गोल फिरवायचे आणि एकमेकांचे व्हिडिओ काढायचे. मी त्यांच्यावर ओरडायची, तू त्यांना डांगरं विकायचीस. मी म्हटलं, यांना इथून हाकललं पाहिजे. तू म्हणालीस, "तू हाकलून लावशीन तं माह्यं डांगर कोण खाईन? तुयी पाखरं?" मी चिडून लवकर घरी गेले.

आता टिटवी. वैशाख लागला की तू लताला, तुझ्या सुनेला, घेऊन टिटवीचं घरटं शोधायला निघायचीस. घरटं म्हणजे जमिनीत बोटभर खळगा, भोवती खडे आणि बकरीच्या लेंड्या, मध्ये चार ठिपकेदार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. खाली, पाण्याजवळ अंडी घातली असली तर पाऊस उशिरा, भुईमूग आरामात भरू द्यायचा. वर चढावर घातली असली तर पाणी लवकर चढणार, आधीच उपटून घ्यायचा. गाळपेरीत सगळा खेळ या आठ-दहा दिवसांचा. आधी उपटला तर शेंग पोचट, उशीर झाला तर पीक पाण्याखाली. "आमचे आजे-पणजे बैलावर मीठ अन् दाणे लादून मुलूखभर फिरत," तू सांगायचीस. "नदीकाठी तांडा उतरवाचा तं पहिले टिटवी कोठी बसली ते पाहत. तिच्या खाली कोणी चूल नाही मांडली." लता खाली मान घालून ऐकायची आणि खड्यांचं कडं न्याहाळायची.

मी पडले विज्ञानाची मास्तरीण. तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणायची. तुझ्या वयामुळे, आणि खरं सांगायचं तर तांड्यावरच्या बाईशी मी किती आदराने बोलते हे मलाच ऐकायला आवडायचं. तू मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'च. मी म्हटलं, "तुमच्या पणज्याची नदी होती, हे धरण आहे. दार कधी उघडायचं आणि पाणी किती अडवायचं हे साहेब ठरवतो. टिटवीला साहेब ठाऊक आहे का?" तू म्हणालीस, "साहेबाले तरी पाऊस मालूम हाय का?" आणि वाकून एक अंडं उचललंस, मला हातात घेऊन बघ म्हणून पुढे केलंस. मी कडाडले. "खाली ठेव ते. अंड्याला माणसाचा हात लागता कामा नये. तुला काही कळतं का, जमना?" तू अंडं होतं तसं ठेवलंस, टोक आत करून, आणि हसलीस. "आता बोलली माणसावानी," म्हणालीस. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

हा वाद आपण दरवर्षी घातला. तुझा अंदाज बरोबर आला की मी योगायोग म्हणायची. चुकला की तू म्हणायचीस, नवी टिटवी होती, तिचं पहिलंच बाळंतपण. मी पुरावा मागायची आणि तू मला डांगर द्यायचीस. असा वाद मला जन्मात कुणाशी घालता आला नव्हता. शाळेत पोरं माझं ऐकून घेत, घरी कुणी ऐकणारं नव्हतं. रोज सकाळी मी धरणावर येत होते ती पक्ष्यांसाठी, असं मी सगळ्यांना सांगायची. पक्षी थंडीतले चार महिने भरपूर असतात. मी बारा महिने येत होते.

आणि मग ते साल आलं. तुझी मुलगी मारेगावला बाळंत झाली आणि तू वैशाखात पंधरा दिवस तिकडे राहिलीस. लता संध्याकाळी घाईघाईने यायची, कुंपणाच्या साड्या ठीक करायची आणि शेळ्यांसाठी परत जायची. घरटं शोधायला ती तुझ्याशिवाय जात नसे. टिटवीने त्या वर्षी अगदी खाली अंडी घातली, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, आणि नेमकी मोटरसायकलींच्या वाटेत. सोमवारी सकाळी मी पाहिलं तर चाकाचा माग घरट्यापासून वीतभर अंतरावरून गेला होता. मी यवतमाळच्या एका ओळखीच्या पक्षीनिरीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, हात लावू नका हेच बरं. अगदीच इलाज नसेल तर रोज थोडं थोडं सरकवा, पक्षी मागोमाग येतो.

मी सरकवलं. रोज सकाळी चार अंडी, खडे, लेंड्या उचलायच्या आणि पाच-सहा पावलं वर न्यायच्या. टिटवी डोक्यावरून झेपा घ्यायची, शिव्या घालायची आणि मी लांब गेले की येऊन बसायची. मोटरसायकलींची वाट चार-पाच दिवसांतच सुटली होती. तिथे थांबायला हवं होतं. पण मला ते जमायला लागलं होतं आणि जमतंय म्हणून आवडायलाही लागलं होतं. पूर्ण सुरक्षित जागा म्हणून बाराव्या दिवशी मी घरटं तुझ्या भुईमुगाच्याही वर, पळसाच्या खुंटापाशी नेऊन ठेवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या बारा दिवसांत तू आणि तुझा भुईमूग माझ्या मनात एकदाही आला नाही.

तू मारेगावहून आलीस ती थेट वावरात. मी तिथेच होते. नातीचं वजन, जावयाचा तोरा, बसमधली गर्दी, सगळं सांगून झालं आणि तुझी नजर वर गेली. टिटवी खुंटापाशी बसली होती. तू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलीस. "पाह्य मास्तरीण, कोठी जाऊन बसली. यंदा पाणी लवकर येईन, अन् लय येईन. परवा उपटून घेऊ."

सांगायची वेळ ती होती. वाक्यही लहानसं होतं: जमना, ती गेली नाही, मी नेली. मी ते बोलले नाही. एका अंड्याला हात लावला म्हणून मी तुझ्यावर कडाडले होते आणि मी चार अंड्यांना बारा दिवस हात लावला होता. तू हसली असतीस, आणि ते हसू मला त्या सकाळी नको होतं. शिवाय मी स्वतःची समजूत घातली की टिटवीवर विसंबून कुणी उभं पीक उपटत नाही, ही नुसती बोलते आहे. सात वर्षं तुझ्याशेजारी बसून मी तुला एवढंच ओळखलं होतं.

दोन दिवसांनी आले तर तू, लता आणि तांड्यावरच्या दोघी जणी रांगेत वाकलेल्या होतात. अर्धं वावर उपटून झालं होतं. मी एक शेंग फोडली. टरफल मोठं होतं आणि दाणा ज्वारीएवढा. अर्धं वावर अजून उभं होतं, म्हणजे अर्धं वाचलं असतं. मी काय केलं ठाऊक आहे? ठाऊक आहेच, तू समोर होतीस. मी दुर्बीण पिशवीत घातली, पिशवी बांधावर ठेवली आणि तुमच्या रांगेत वाकून उपटायला लागले. तू खूश झालीस. लताला म्हणालीस, "पाह्य वं, मास्तरीण सुधरली."

पाऊस त्या वर्षी तीन आठवडे उशिरा आला. खालच्या पट्टीतल्या लोकांचा भुईमूग दाण्यांनी भरला, त्यांनी आरामात काढला. तुझा शेळ्यांनी खाल्ला. एक दिवस धरणाच्या भिंतीवर बसलो असताना म्हणालीस, "धरणाच्या पाण्यानं टिटवीचीबी अक्कल गेली. तूच खरी होती." जमना, हे लिहायला जड जातं आहे, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाद जिंकल्यावर वाटतं तसं. घरी पोहोचेपर्यंत ते टिकलं आणि मग जेवण गेलं नाही.

पुढच्या वैशाखात तू घरटं शोधायला निघाली नाहीस. लताला हाक मारली नाहीस. आज्या-पणज्यांच्या बैलांची गोष्ट तुझ्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही. उपटायचे दिवस आले की तू माझ्या फोनकडे बोट करायचीस. "तुयी टिटवी काय म्हणते?" मी सांगायची, शुक्रवारी पाऊस दाखवतोय. शुक्रवारी ऊन पडायचं. तू कधी तक्रार केली नाहीस, कारण फोनकडून तुझी काही अपेक्षाच नव्हती. त्या वर्षी टिटवीने तुला फसवलं असं तुला वाटलं आणि ते तुला लागलं, हे मला दिसत होतं. भुईमूग पुढच्या वर्षी पुन्हा आला. दुसरं जे गेलं ते मी परत आणू शकत होते, एका वाक्यात, आणि मी आणलं नाही.

दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा डांगर खाताना. तेवढ्यात तुझ्या मुलीचा फोन आला. एकदा दवाखान्यात. तू पाण्याचं विचारलंस, मी विहिरीचं सांगितलं, आणि तू कूस बदललीस. मी स्टुलावर तासभर बसले. थकलेल्या माणसाला काय त्रास द्यायचा, असं मनाशी म्हणत होते. खरं तर मी स्वतःला वाचवत होते, हे तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, "कायले येवढी नाचून राह्यली?"

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर लता हात पुसत माझ्याकडे आली. म्हणाली, "म्याडम, फोनवर पाऊस कवा दाखवते? भुईमूग उपटाचा हाय. बुडी तुमालेच विचाराची." बुडी म्हणजे म्हातारी, म्हणजे तू. मी फोन काढला. पाच-सहा दिवसांनी पाऊस होता. त्याच सकाळी मी धरणावर जाऊन आले होते आणि टिटवी पाहिली होती. खाली, अगदी खाली, त्या विहिरीसमोर पाण्याच्या कडेला बसली होती. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि मांडवाच्या बांबूला धरून लताला सगळं सांगितलं. बारा दिवस, पळसाचा खुंट, वीतभरावरचा चाकाचा माग, सगळं.

तुझ्यासारखीच तीही ऐकताना माणसाकडे बघत नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "बुडी असताना सांगाचं होतं."

मी हो म्हटलं.

"त्या साली मले म्हणे, आपल्या आज्या-पणज्याचं सारं खोटं निंगालं. मले वाटलं, बुडी थकली." तिने पदराने डोळे पुसले, माझ्यासमोर, आणि मला काही दिलासा दिला नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, "यंदा कोठी हाय?"

मी जागा सांगितली.

"तुमी हात लावला?"

"नाही."

"मंग थांबतो आमी आठ दिवस."

मी म्हटलं, लता, फोन सहाव्या दिवशीच पाऊस सांगतो आहे, आणि माझ्या सांगण्यावरून तू थांबू नकोस. ती म्हणाली, "तुमच्या सांगण्यावरून कोण थांबून राह्यलं?" आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला गेली.

आज पाचवा दिवस. आजूबाजूच्या सगळ्यांनी काल-परवा उपटून घेतलं. एकट्या लताचं वावर उभं आहे. सकाळी गेले तेव्हा ती कुंपणाची सुटलेली साडी बांधत होती. तुझी जांभळी, काठ उसवलेली. ती मला "या" म्हणाली नाही आणि "जा"ही म्हणाली नाही, म्हणून मी बांधावर बसले. टिटवी अंड्यांवर होती. दोघी जणी बांधावरून जाताना लताला म्हणाल्या, "काहून थांबली वं? डोक्यावर ढग आले." लता म्हणाली, "टिटवी खाली हाय." त्या एकमेकींकडे बघून पुढे गेल्या. मी एक शेंग फोडली. दाणा अजून तीन-चार दिवस मागतो आहे.

दुपारपासून वारा पडला आहे. वर वाशीमच्या बाजूला काल पाऊस झाला असं भाजीवाला सांगत होता, आणि तिकडचं पाणी आपल्याच धरणात येतं. फोनवर उद्याच्या खान्यात वीज पडतानाचं चित्र आहे. मला तू विचारशील तर मी अजूनही तेच म्हणेन. टिटवीला पाऊस कळतो याला पुरावा नाही. ती खाली अंडी घालते कारण तिला मोकळी जागा आणि पाणी जवळ हवं असतं. उद्या पाऊस आला तर तुझ्या वावराचं दुसऱ्यांदा नुकसान होईल आणि दोन्ही वेळा त्यात माझा हात असेल. दर थोड्या वेळाने मी उठून वाशीमच्या दिशेची खिडकी उघडते आहे. इतकी वर्षं आपण भांडलो, जमना, पण या वादात तू बरोबर ठरावीस आणि मी तोंडावर आपटावं, असं आज मला पहिल्यांदा मनापासून वाटतं आहे.